किडनी बसवल्यानंतरचा संसार

किडनी प्रत्यारोपण यशस्वी झाले, असे डॉक्टर क्रिएटिनीनच्या आकड्यावरून सांगतात. लघवी नीट होते, रक्तदाब ताब्यात आहे, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची पातळी योग्य आहे, एवढे झाले की फाइल समाधानाने बंद होते. रुग्णाच्या कामजीवनाची नोंद त्या फाइलीत क्वचितच सापडते. आयुष्याचा दर्जा मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एसएफ-३६ ही प्रश्नावली जिने चढण्यापासून मनाच्या उदासीपर्यंत बरेच काही विचारते, पण लैंगिक सुखाबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही. ‘जीव वाचला, आता या गोष्टी कशाला?’ हा आक्षेप घरच्यांप्रमाणे अनेक डॉक्टरांच्याही मनात असतो. तो चुकीचा आहे आणि घातकही.

वऱ्हाडाला किडनीचा आजार परका नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या गावांत किडनीच्या आजाराची तक्रार जुनी असून लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात. मधुमेह आणि रक्तदाबाने किडनी गमावणारे तर सगळीकडेच आहेत. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या ‘सुपर’मध्ये, आता किडनी प्रत्यारोपण होते. त्यानंतरच्या संसाराबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

बिघाड शस्त्रक्रियेच्या बराच आधी सुरू होतो. किडनी निकामी झाली की पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन घटते, प्रोलॅक्टिन वाढते, रक्त कमी होते. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असतात. डायलिसिसवरच्या बहुसंख्य पुरुषांना ताठरतेची अडचण येते. बाईची पाळी अनियमित होते किंवा थांबते. प्रत्यारोपणानंतर पुष्कळांची स्थिती सुधारते, सर्वांची नाही. सिल्डेनाफिलसारखी गोळी उपयोगी पडते. पण छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेऊ नये आणि इतरांनीही मेडिकलमधून परस्पर आणू नये.

बाईच्या बाबतीत मौन अधिक महाग पडते. नवी किडनी काम करू लागली की काही महिन्यांतच बीजनिर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते. ‘आता दिवस राहायचे नाहीत’ असे समजून जोडपे बेफिकीर राहते. त्याच काळात ती घेत असलेल्या मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे गर्भपात होऊ शकतो, बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. म्हणून किमान एक वर्ष थांबावे लागते आणि गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी हे औषध बदलून घ्यावे लागते. मातृत्व मात्र अशक्य नसते. बोस्टनमध्ये १९५६ साली जुळ्या बहिणीची किडनी मिळालेल्या एडिथ हेल्म १९५८ मध्ये आई झाल्या.

भीतीचा भाग वेगळा. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, कातडीखाली हाताला लागेल अशी बसवलेली असते. दाब पडला तर ती फाटेल, या धास्तीने नवराबायको महिनोन्‌महिने वेगळे झोपतात. जखम भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, नेहमीच्या संभोगाने तिला इजा होत नाही. हे एक वाक्य डिस्चार्जच्या दिवशी सांगितले, तर ती धास्ती तिथेच मिटेल.

ते सांगितले का जात नाही, हे समजून घ्यायला र. धों. कर्वे यांच्याकडे जावे लागते. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत राहिले. वाचक लाजेने कोणालाही न विचारलेले प्रश्न त्यांना लिहीत आणि ते उत्तरे छापत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण कामजीवन हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि विचारणाऱ्याला शास्त्रीय उत्तर मिळालेच पाहिजे, ही त्यांची भूमिका कोणत्याही दंडाने खोटी ठरली नाही. आजचा रुग्ण मात्र पत्रसुद्धा लिहीत नाही. बाजूच्या खुर्चीत बायको फाइल धरून बसलेली, मागे रांग, ‘कसं वाटतं?’ असे विचारले की तो ‘बरं आहे’ म्हणतो आणि उठतो. म्हणून कर्व्यांच्या एक पाऊल पुढे जाऊन, प्रश्न डॉक्टरनेच आधी विचारला पाहिजे.

तरी विचारणे एवढ्यानेही भागत नाही. भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकांची संख्या जास्त आहे आणि १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा पतिपत्नींना जवळचे नातेवाईक मानतो. बायकोने किडनी दिली की उपकाराचे ओझे अंथरुणापर्यंत येते: एकाला मागायला संकोच, दुसऱ्याला नाही म्हणायला. इच्छा नसणे हेही एक पूर्ण उत्तर आहे आणि ते दोघांना वेगवेगळे भेटल्याशिवाय कळत नाही. दात्री तरुण असेल, तर पुढच्या बाळंतपणात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा जास्त असतो, हे तिला दान करण्याआधी सांगणे बंधनकारक मानावे.

उरते व्यवस्थेचे काम. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून त्याची तपासणी नियमित हवी. शस्त्रक्रियेआधी, पहिल्या तीन महिन्यांत आणि पुढे दरवर्षी कामजीवनाविषयी विचारायचे, हे प्रत्यारोपण समन्वयकाच्या कर्तव्यांत लेखी असावे. मग हा विषय काढण्यासाठी कोणत्याही नवऱ्याला किंवा बायकोला हिंमत गोळा करावी लागणार नाही.