गाण्याच्या पाठीवरचं ओझं

पहिलीच्या वर्गात गाण्यांना तोटा नसतो. आठवड्याचे वार पाठ व्हायला गाणं, अंकांना गाणं, हात धुवायला गाणं, पाणी वाचवायला गाणं. मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर आपण वर्षानुवर्षं बोलतोय, पण गाण्याच्या पाठीवर लादलेल्या ओझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. चालीवर म्हटलेलं पटकन लक्षात राहतं हे खरंच; त्याचा उपयोग जरूर करावा. पण हमाली करून गाणं दमलं की संगीताचा तास संपलेला असतो, आणि त्या तासात संगीत आलेलंच नसतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीसाठी वेगळे संगीतशिक्षक सहसा नसतात. वर्गाच्या बाई किंवा गुरुजी हेच सगळं बघतात. ‘आम्हाला कुठे पेटी येते?’ हे त्यांचं नेहमीचं उत्तर. मला ही भीती अनाठायी वाटते. सहा वर्षांच्या मुलाचं संगीत पेटीपासून सुरू होत नाही, ते कानापासून आणि पायांपासून सुरू होतं.

आधी कान. दोन मुलांनी ओढणी धरून पडदा करायचा. पडद्यामागे स्टीलची वाटी, किल्ल्यांचा जुडगा, चिंचोके भरलेली डबी, तांदूळ भरलेली डबी. बाईंनी एक वस्तू वाजवायची, मुलांनी ओळखायची. वाटी आणि किल्ल्या सगळे ओळखतात. खरी गंमत दोन डब्यांपाशी होते. चिंचोक्यांचा खडखडाट आणि तांदळाची सळसळ यांत फरक करताना वर्ग आपोआप पुढे झुकतो. ‘गप्प बसा’ म्हणावं लागत नाही. मग दोन आवाज एकामागोमाग, आधी कुठला आला ते सांगायचं. मग तीन. मारिया मॉन्टेसरींचा शांततेचा खेळ याच वाटेवरचा. मुलं निश्चल बसतात, बाई दुसऱ्या खोलीतून कुजबुजल्यासारखं एकेकाचं नाव घेतात, आणि ज्याचं नाव येईल तो पावलांचा आवाज न करता उठून जातो. मॉन्टेसरींची साधनं महाग. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं तारपा वाजवणाऱ्याच्या मागोमाग पाऊल टाकत मोठी होणारी. अशा मुलाला ‘ताल म्हणजे काय’ हे फळ्यावर लिहून सांगायला जाणं म्हणजे कमालच.

आता पाय. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी १९२४ मध्ये म्युनिकमध्ये डोरोथी ग्युंटर यांच्याबरोबर एक शाळा काढली. बोलणं, हालचाल आणि सूर मुलाच्या ठायी वेगळे नसतात, तर शिकवतानाही ते वेगळे करू नयेत, हा त्यांचा आग्रह. हे वाचताना मला सारखा भोंडला आठवत होता. पाटावर हत्ती, भोवती फेर, चालण्याच्या गतीनेच जाणारं गाणं, चार-पाच स्वरांत मावणारी चाल, दर कडव्याला वाढत जाणारी गंमत, आणि शेवटी खिरापत ओळखणं. एवढं सगळं आपल्याकडे आश्विनात आयतं हजर असतं, आणि आपण ते मुलींचं म्हणून मुलांना गच्चीच्या कठड्यावर बसवून ठेवलं. वर्गात फेर धरायला नवरात्राची वाट बघायची गरज नाही. सुरुवात नावांवरून करावी. ‘मुक्ता’ला दोन टाळ्या, ‘समीरा’ला तीन, ‘ज्ञानेश्वर’ला किती यावर वाद होतो, तो होऊ द्यावा. मग टाळ्यांवरून नाव ओळखायचं. दोन टाळ्या वाजल्या की वर्गातल्या सगळ्या मुक्ता, सोहम, रिया एकदम उठतात.

ऑर्फ यांच्या वाद्यांची एक युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे. त्यांच्या झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या निघतात. म आणि नी काढून टाकले की उरतात सा, रे, ग, प, ध. ग-म आणि नी-सा या अगदी खेटून असलेल्या जोड्या गेल्यामुळे मूल कुठलीही पट्टी वाजवो, कानाला खटकत नाही. चुकण्याची सोयच नाही! गाणं शिकायला बसलेल्या मराठी माणसाला हे स्वर ओळखीचे आहेत, हे तर भूपाचे स्वर. जत्रेतल्या खेळण्यातल्या झायलोफोनवर म आणि नीला कागदी चिकटपट्टी लावून हे करता येतं. फक्त वाद्य सुरात आहे का ते घेण्याआधी वाजवून बघावं, बरीचशी नसतात.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो ‘मनात गाणं’ हा खेळ. हंगेरीत झोल्तान कोडाय यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये त्यांच्या जन्मगावी, केचकेमेतला, रोज गाणं असणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. त्या पद्धतीत आतल्या कानावर फार भर असतो. पाठ असलेलं कुठलंही चार ओळींचं गाणं घ्यायचं. बाईंनी मूठ मिटली की आवाज बंद, पण गाणं मनात चालूच. मूठ उघडली की जिथे पोचलो असू तिथून मोठ्याने. पहिल्यांदा निम्मा वर्ग घाईने पुढे पळतो, दोन-तीन जण मागे रेंगाळतात आणि हसून गोंधळ होतो. पाय चालते ठेवले की हळूहळू जमतं. ज्या क्षणी वीस-पंचवीस मुलं न गायलेल्या ओळीनंतर एकाच जागी उतरतात, त्या क्षणी सूर आणि लय त्यांच्या आत आहेत याचा पुरावा मिळतो. लेखी परीक्षेत तो मिळणार नाही.

याच्या नेमकं उलट आपण प्रार्थनेला करतो. ‘आवाज येत नाही, मोठ्याने!’ या वयाच्या मुलाला सहज गाता येणारे स्वर जेमतेम पाच-सहा, आणि तेही मोठ्यांच्या बोलण्याच्या पट्टीहून वर. बाई आपल्या सोयीने खालून सुरुवात करतात, वर मोठ्याने म्हणायला लावतात, मग मुलं गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात. त्यातून ज्याचा सूर लागत नाही त्याला स्नेहसंमेलनाच्या तालमीत सांगितलं जातं, ‘तू नुसतं तोंड हलव.’ ‘माझा गळाच नाही’ म्हणणारी कितीतरी मोठी माणसं अशीच घडलेली असतात. पाच-सहा वर्षांच्या अनेक मुलांना स्वर हुबेहूब मिळवता येत नाही. ते शिकावं लागतं. त्यासाठी ओढणी हवेत उडवून ती खाली येईपर्यंत आवाजही तसाच उतरवत आणणं, रुग्णवाहिकेसारखा आवाज वर-खाली नेणं, असले वरकरणी बाष्कळ खेळ फार कामाचे.

अडचण एवढीच की यातलं काही घरी नेऊन दाखवता येत नाही. ‘आज काय शिकलास?’ या प्रश्नाला ‘डबी ओळखली’ हे उत्तर पालकांना पुरत नाही. त्यांना मोबाइलवर चित्रित करण्याजोगं काहीतरी हवं असतं, म्हणून शाळा स्पीकर लावते, रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर मुलं हातवारे करतात. त्यापेक्षा संमेलनाला पालकांनाच रंगमंचावर बोलवावं आणि मूठ मिटायचं काम पहिलीतल्या एखाद्या मुलीकडे द्यावं. गाळलेल्या ओळीनंतर किती आईवडील योग्य जागी परत येतात, ते मुलं खाली बसून मोजतील.