रकाना भरण्याआधी

बारावी विज्ञानला चांगले गुण मिळवून नर्सिंगला आलेली मुलगी पहिल्या सत्राच्या अंतर्गत चाचणीत नापास होते, तेव्हा गुणांपेक्षा एक वेगळाच प्रश्न तिला जास्त छळतो: आपण हुशार होतो ना? मराठी माध्यमात शिकलेली मुलगी असेल तर प्रश्न आणखी टोकदार होतो. वर्गात शिकवणं इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, पेपरही इंग्रजीतच लिहायचा. वसतिगृहातल्या खोलीत मात्र सगळा अभ्यास चालतो तो मराठीत, तोही पाठांतराच्या आधारावर.

तिच्यापुढचा डोंगर खोटा नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगला सत्र पद्धत लागू केली. सत्र २० आठवड्यांचं. त्यात ॲनाटॉमीला ६० तास आणि फिजिऑलॉजीलाही ६० तासच. जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी, नर्सिंग फाउंडेशन, शिवाय वॉर्डातली ड्युटी. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा पेपर एकत्र असतो. ७५ पैकी ३७ गुण एका विषयाला, ३८ दुसऱ्याला. पास व्हायला निम्मे गुण लागतात. बारावीपर्यंत ३५ गुणांची सवय झालेल्यांना हा उंबरठा एकदम उंच वाटतो.

मग धावपळ सुरू होते. सीनियरकडून गाइड येतं, गेल्या काही वर्षांचे पेपर येतात, तीन रंगांचे हायलायटर येतात. मैत्रिणी धडे वाटून घेतात: हृदय तू कर, मूत्रपिंड मी करते, नोट्स एकमेकींना देऊ. परिणामी प्रत्येकीला एकच धडा येतो आणि बाकीचे फक्त मोबाइलमध्ये असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचन चालतं. वर सीनियरचा हमखास सल्ला असतो, ‘पान कोरं सोडू नको, काहीतरी लिही.’

परीक्षेपुरता हा सल्ला चुकीचा नाही. एखाद-दोन गुण मिळूनही जातात. पण नर्सिंगच्या विद्यार्थिनीला तो जसाच्या तसा देता येत नाही, कारण तिच्यापुढे उत्तरपत्रिकेखेरीज आणखी एक कागद येणार असतो. रुग्णाच्या पलंगाला अडकवलेला चार्ट.

पहिल्याच सत्रात तिला तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजायला शिकवतात. यातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं काम श्वास मोजण्याचं. रुग्णाला ‘तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर हळूच छातीकडे वळवायची. पूर्ण एक मिनिट. प्रौढ माणसात १२ ते २० हा सामान्य आकडा. उपकरण लागत नाही, औषध लागत नाही, लागतं ते घड्याळाकडे आणि छातीकडे लक्ष ठेवणारं एक मिनिट. आणि नेमकं तेच चुकवलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली या विषयावर लेख आला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच श्वासगतीला ‘दुर्लक्षित’ म्हटलं होतं. श्वासाचा वेग वाढणं ही रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याची अगदी सुरुवातीची खूण असू शकते. पण रकाना रिकामा दिसू नये म्हणून न मोजताच तिथे १८ किंवा २० लिहिलं, तर ती खूण कुणालाच दिसणार नाही. पुढच्या पाळीची सिस्टर आणि राउंडला आलेले डॉक्टर तो आकडा खरा मानूनच चालतील.

उत्तरपत्रिकेत ठोकून दिलेलं वाक्य आणि चार्टवर ठोकून दिलेला आकडा यांचे परिणाम सारखे नाहीत, हे उघड आहे. पण हाताला लागणारी सवय एकच. माहीत नसताना माहीत असल्यासारखं लिहायचं, ही ती सवय. म्हणून अभ्यास कसा करायचा हा प्रश्न नर्सिंगमध्ये निव्वळ गुणांचा राहत नाही. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे स्वतःला खरं सांगण्याचा तो सराव आहे.

या सरावाला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि मग न बघता तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अशी की, आपल्या लक्षात छान राहील असा भरवसा जास्त होता तो वारंवार वाचणाऱ्यांनाच. पुन्हा पुन्हा वाचलं की अक्षरं ओळखीची होतात आणि ती ओळखच आपल्याला ज्ञान वाटू लागते.

तेव्हा अडखळणाऱ्या विद्यार्थिनीने गाइड मिटून कोरा कागद घ्यावा. हृदयाची ओबडधोबड आकृती काढावी आणि रक्ताचा एक थेंब महाशिरेतून आत सोडावा. उजवी कर्णिका, झडप, निलय, फुप्फुसं, मग परत डावीकडे आणि शेवटी महाधमनी. जिथे पेन अडेल तिथे लाल खूण करावी. पुस्तक उघडायचं ते त्या खुणेपुरतंच. दोन दिवसांनी तीच आकृती पुन्हा, आठवड्याने आणखी एकदा. आधी मैत्रिणीला मराठीत समजावून सांगावं, ते जमलं की त्याची पाच इंग्रजी वाक्यं लिहावीत. धडे वाटून घ्यायचेच असतील तर नोट्सऐवजी प्रश्न वाटून घ्यावेत. म्हणजे हृदयाचे प्रश्न काढणारीला मूत्रपिंडाच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात.

दुसरी युक्ती वॉर्डातली. जे पुस्तकात वाचलं ते त्याच आठवड्यात अंगावर शोधायचं. नाडी मोजताना अंगठा का वापरत नाहीत? कारण अंगठ्याची स्वतःची नाडी बोटाखाली जाणवते आणि मोजणी चुकते. रक्तदाब घेताना स्टेथोस्कोप कोपराच्या आतल्या बाजूला का? कारण बाहूची धमनी तिथे त्वचेच्या जवळ असते. नितंबावर इंजेक्शन देताना वरचा बाहेरचा भाग का निवडायचा? खालून सायटिक नस जाते म्हणून. कारण कळलं की ॲनाटॉमीचं पाठांतर निम्म्यावर येतं. आणि ज्या हाताला कारण माहीत असतं, तो हात घाईतही चुकीच्या जागी सहसा जात नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे. ‘रात्र चांगली गेली ना?’ अशा मोघम प्रश्नांवर तिचा राग होता. किती तास झोप लागली, रात्री कोणत्या वेळी लागली, असं नेमकं विचारा, हा तिचा आग्रह. विद्यार्थिनीने स्वतःलाही तसंच विचारावं. ‘फिजिऑलॉजी झालं का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ‘मूत्रपिंडात रक्त कुठे गाळलं जातं, सांग बरं’ याचं उत्तर खरं येतं.

अर्थात सगळा भार अठरा वर्षांच्या मुलीवर टाकून मोकळं होता येणार नाही. व्हायवात ‘येत नाही मॅडम’ म्हणणारीला वर्गासमोर झापलं जात असेल, तर ती पुढच्या वेळी ठोकून देणार. वॉर्डात ‘नाडी नीट लागली नाही, पुन्हा बघू का?’ असं विचारणारीवर कुणी खेकसलं, तर ती पुढच्या वेळी ७२ लिहून मोकळी होणार. प्रामाणिकपणा अभ्यासक्रमात छापून येत नाही. तो अशा दोन-चार प्रसंगांतून एक तर रुजतो, नाही तर खुडला जातो. जर्नल वेळेत पूर्ण आहे का हे तपासणाऱ्यांनी ते मैत्रिणीचं उतरवलेलं आहे का, हेही कधीतरी पाहायला हवं. आणि तसं आढळलं तर शिक्षा करण्याआधी, तिला स्वतः लिहायला वेळ मिळाला होता का, हेही विचारायला हवं.

 शिक्षकांनी आणि वॉर्डातल्या सिस्टर्सनी परीक्षेच्या दिवसांत एवढं जरूर करावं: एखादी मुलगी ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणत पुढे आली, तर तिला परत पाठवू नये, तिथेच पाच मिनिटं थांबून शिकवावं.