बिल्ला आणि घडण

टेलिफुंकेन कंपनीचा बिल्ला असलेले दोन जुने मायक्रोफोन, यू ४७ आणि ईएलए एम २५१, शेजारी ठेवले तर एकाच घरचे वाटतात. तसे ते नाहीत. यू ४७ बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमनच्या कारखान्याने १९४९ साली आणला आणि टेलिफुंकेनने तो आपल्या नावाने विकला. विक्रीचा तो करार संपल्यावर टेलिफुंकेनने व्हिएन्नाच्या एकेजीकडून २५१ बनवून घेतला. उलट, तोच यू ४७ नॉयमनच्या बिल्ल्यानेही मिळतो. न्यायशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची कसोटी इथे लावून पाहावी: एकीकडे नाव तेच आणि वस्तू निराळी, दुसरीकडे नाव निराळे आणि वस्तू तीच. नावावरून स्वरूपाचे अनुमान करावे, इतकी व्याप्ती, म्हणजे अढळ साहचर्य, दोहोंत नाही. म्हणून जाणकार जाळीच्या आत पाहतात. नॉयमनच्या एम ७ कॅप्सूलमध्ये तार पडद्याच्या मध्यभागी स्क्रूने जोडलेली असते, एकेजीच्या सीके १२ मध्ये ती कडेला असते. घडवणाऱ्यापर्यंत नेणारा अनुमानाचा खरा हेतू, म्हणजे खूण, ती हीच.

यावर कोणी म्हणेल, विकणाऱ्याने आपली पत पणाला लावली, शिवाय यू ४७ मधला व्हीएफ १४ व्हॉल्व्ह टेलिफुंकेनचाच होता. मग नाव खोटे कसे? खोटे नाहीच. पण माती पुरवणारा कुंभार ठरत नाही, आणि मडक्याची हमी देणाराही नाही. बिल्ला जबाबदारी कोणाची ते सांगतो, कर्तृत्वाबद्दल तो गप्प असतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एम ७ चा पीव्हीसी पडदा काळाने कडक होतो आणि बदलावा लागतो. व्हीएफ १४ चे उत्पादन कधीच थांबले, म्हणून त्याच्या जागी दुसरे काही बसवतात. अशा वेळी नॉयमनचे त्यात उरले काय? बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी विचारले ते हेच: चाक रथ नाही, आस रथ नाही, मग रथ कुठे आहे? मला वाटते, हा दाखला घडवणाऱ्याच्याच बाजूचा आहे. सुट्या भागांत रथ सापडत नाही. ते भाग ज्या रीतीने एकत्र येतात तिच्या आधारावर आपण रथ म्हणतो, आणि ती रीत नॉयमनने बसवली. तिला धरून पडदा बदलला तर ओळख टिकते. विद्युतमंडलच नवे केले तर तेवढ्या अंशी ती ढळते, हे मान्य करावेच लागेल. म्हणूनच असा मायक्रोफोन विकताना विकणारी कंपनी, घडवणारा कारखाना आणि नंतर बदललेले भाग या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायला हव्यात. पहिली लिहून उरलेल्या दोन गाळणे हा ग्राहकावर अन्याय आहेच, पण त्याहून मोठा तो कारागिरावर आहे.