भिंत, पडदा आणि भरलेपण

शाळेतील जीवशास्त्राचे काही प्रयोग परीक्षेनंतर विस्मरणात जातात. पण त्यांतून उभे राहिलेले प्रश्न मात्र मागे उरतात. रिओच्या पानाचा प्रयोग हा आम्हाला अशांपैकीच एक वाटतो.

शोभेसाठी कुंडीत लावल्या जाणाऱ्या या झाडाच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. तिचा पातळ पापुद्रा सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, की सूक्ष्मदर्शकातून रंगाने काठोकाठ भरलेल्या पेशी दिसतात. मग पाण्याच्या जागी मिठाचे तीव्र द्रावण सोडतात. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटतो आणि आक्रसत आत गोळा होतो. पाठ्यपुस्तक याला रससंकोच म्हणते. निवडक्षम पडद्यातून पाणी विरळ द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे जाते, हा परासरणाचा नियम त्यामागे आहे. फ्रान्समधील आबे जाँ आंत्वान नोले या धर्मसेवक शास्त्रज्ञाने १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून ही क्रिया नोंदवली होती. कैरीच्या फोडींना मीठ लावून पाणी सुटण्याची वाट पाहणारी प्रत्येक गृहिणी हाच नियम नित्य वापरते. भरतीचे खारे पाणी बांध फोडून शेतात शिरले, की भाताचे रोप पाण्यात उभे राहूनही सुकते, त्यातही या नियमाचा मोठा वाटा असतो.

या प्रयोगातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आतला जीव आक्रसला, तरी पेशीभित्तिका जवळजवळ जशीच्या तशी उभी असते. केवळ तिची चौकट पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे कळणारही नाही. शिवाय भिंत व आक्रसलेला जीव यांच्यामध्ये जी पोकळी पडते, ती रिकामी राहत नाही. बाहेरचे खारे द्रावणच तिथे येऊन बसते. कारण भित्तिका पाण्याला अडवीत नाही आणि मिठालाही अडवीत नाही. काय आत घ्यावे व काय नाकारावे हे ठरते ते तिच्या आतल्या नाजूक पडद्यावर.

मग भिंत निरर्थक का? तसे मुळीच नाही. आपल्या रक्तातील तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर ती फुगून फुटते, कारण तिला भित्तिका नसते. वनस्पतीची पेशी पाणी घेऊन ताठ होते, पण फुटत नाही. भिंत तिला सावरून धरते. म्हणजे भिंतीचे काम बाहेरच्याला रोखण्याचे नसून आतल्या भरलेपणाला आधार देण्याचे आहे.

घराच्या शिस्तीचे व परंपरेचे मोल आम्ही याच मापाने करतो. मुले बदलली, जगाचा खारेपणा उंबऱ्याच्या आत आला, असे वाटू लागले की आपण भिंती उंच करू लागतो: आणखी एक नियम, आणखी एक बंदी. घरात सायंप्रार्थना वेळेवर होते, सणाला सारे एकत्र जेवतात. चौकट शाबूत असते. पण तिच्या आत कुणी मिटत चालले असेल, तर उंच भिंत त्याला भरून काढू शकत नाही. नियम हवेतच, परंतु ज्यांना त्यांनी सावरायचे, ते प्रेम आणि तो विश्वास आत नसेल, तर नियम केवळ पोकळीभोवती उभे राहतात.

निसर्गातून नीती जशीच्या तशी उचलता येत नाही, याचे भान अर्थातच राखायला हवे. पेशीला इच्छा नाही. पाणी नियमाने जाते, कुणाच्या अपराधाने नव्हे. माणसाला निवड आहे, म्हणूनच जबाबदारीही आहे. तरीसुद्धा या प्रयोगाचा उत्तरार्ध आम्हाला मोलाचा वाटतो.

पापुद्रा आधी उकळून घेतला, तर मिठाच्या द्रावणातही त्यात रससंकोच होत नाही. पडदा नष्ट झाल्याने रंगही बाहेर झिरपतो, शिजवलेल्या बिटाचा उतरतो तसा. आक्रसते ती जिवंत पेशीच. संकोच हे मरणाचे नव्हे, तर अजून जीव असल्याचे लक्षण आहे. खारे द्रावण टिपकागदाने शोषून घेऊन वेळेत साधे पाणी दिले, तर जांभळा रंग हळूहळू पसरत पुन्हा भिंतीला जाऊन टेकतो. फार उशीर झाला, तर मात्र तसे होत नाही.

घरात अबोल झालेला मुलगा, देवळाकडे पाठ फिरवलेली बहीण, भावकीच्या वादात दुखावून दूर गेलेला भाऊ यांच्याविषयी निवाडा देण्यापूर्वी एवढे आठवावे. जो दुखावून आक्रसला आहे, तो मेलेला नाही. त्याच्याभोवतीचे मीठ, म्हणजे आपले टोमणे, तुलना आणि जुने हिशेब, आधी काढून घ्यावे; मग पाणी द्यावे, आणि तेही वेळेत.