परक्याचा मुक्काम व ख्रिस्ती मनुष्याचें दार



दरवर्षीं देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांतून पंढरपुरास जाते. उंडवडी, बारामती, सणसर, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत ती नीरा नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यांत प्रवेश करते. त्या दिवसांत ह्या वाटेवरील गांवें वाटसरूंनीं भरून जातात. कोणाच्या ओसरीवर वीस वीस माणसें निजलेलीं असतात. कोणाच्या अंगणांत चुलीवर पिठलें शिजत असतें. कोणी आपल्या मळ्यांतील विहीर यात्रेकरूंसाठीं मोकळी करून देतो. अशा वेळीं ह्या वाटेवर राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबापुढें एक प्रश्न सहजच उभा राहतो. भर पावसांत दारीं आलेल्या वारकऱ्यास आपण ओसरी द्यावी कीं न द्यावी? दिल्यास ती मूर्तिपूजेस मदत होईल काय? आणि रात्रभर तो आपल्या छपराखालीं असतां त्यास सुवार्ता ऐकविल्यावांचून पुढें जाऊं देणें हा प्रभूचा अपराध होईल काय?

प्रश्न एका रात्रीचा व एका घोंगडीचा दिसतो; परंतु त्याच्या मुळाशीं ह्याहून मोठा प्रश्न आहे. परक्यास दिलेला आश्रय ही देणगी आहे किंवा सौदा आहे? ह्याचाच आज थोडा विचार करूं.

प्रथम, चांगला मुक्काम कशास म्हणावें हें पाहूं. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतील शोमरोनी मनुष्याचा दाखला आपणां सर्वांस पाठ आहे. जखमी मनुष्यास त्यानें उतारशाळेंत नेलें, व दुसऱ्या दिवशीं दोन दीनार रक्षकाच्या हातावर ठेविले. ह्या दाखल्यावर बोलतांना आपण शोमरोन्याची स्तुति करितों व त्या रक्षकास विसरून जातों. मूळ ग्रीक भाषेंत त्या उतारशाळेस जो शब्द योजिला आहे, त्याचा धात्वर्थ ‘सर्वांस आंत घेणारें घर’ असा आहे. रक्षकानें पैसे घेतले, ह्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. तेल, भाकर व अंथरूण ह्यांस मोल पडतें. परंतु आलेला मनुष्य यहूदी कीं शोमरोनी, हें त्यानें विचारल्याचें प्रभूनें सांगितलें नाहीं. तेव्हां मुक्काम फुकट असो वा अल्प मोलाचा असो, त्याचा चांगुलपणा मोलावर अवलंबून नसून दार कोणत्या अटीवर उघडलें जातें ह्यावर अवलंबून आहे.

परदेशांत अशा अल्प मोलाच्या मुक्कामांची जी पद्धति आज सर्वत्र पसरली आहे, तिचा आरंभही एका पावसाळी रात्रींतच झाला. १९०९ साली जर्मनींत रिखार्ड शिर्मान नांवाचे एक शाळामास्तर आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन पायीं सहलीस निघाले असतां मोठ्या वादळांत सांपडले. एका खेड्यांतील शाळेची खोली त्यांस रात्रीपुरती मिळाली, व मुलें पेंढ्यावर निजलीं. सुटीच्या दिवसांत शाळा ओस पडलेल्या असतात. त्या वाटसरू मुलांस कां उघडूं नयेत, असा विचार त्या रात्रीं मास्तरांच्या मनांत आला. १९१२ साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें युवक-वसतिगृह उघडलें, आणि पुढें देशोदेशीं तशीं घरें झालीं. आज आपल्या बारामती-इंदापुराकडील मुलेंमुली शिक्षणासाठीं परदेशीं जातात. त्यांतील कित्येकांच्या पहिल्या रात्री अशाच एखाद्या हॉस्टेलांत जातात. एकाच खोलींत एकावर एक पलंग, सर्वांस मिळून एक स्वयंपाकघर, आणि शेजारच्या पलंगावर भलत्याच देशाचा व भलत्याच धर्माचा मनुष्य. दारावरचा कारभारी नांव विचारतो, पासपोर्ट पाहतो व किल्ली देतो. जात विचारीत नाहीं. चांगल्या ठिकाणीं तो एवढ्यावर न थांबतां, भाकरी कोठें स्वस्त मिळते, कोणती गल्ली रात्रीं टाळावी, हेंही सांगतो. ज्याच्या ओळखीचें त्या शहरांत कोणी नाहीं, अशा तरुणास तेवढ्यानें केवढा धीर येतो, हें तो तरुणच जाणे.

असा मोकळा परदेशवास भोगून आलेल्या एका मराठी माणसास मायदेशीं काय अनुभव आला, तो आतां ऐका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्क येथें शिकावयास गेले, व तेथून पुढें लंडनास गेले. १९१७ साली ते परत आले व कराराप्रमाणें बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. इतक्या वर्षांच्या परदेशवासांत आपण अस्पृश्य मानले जातों ही जाणीवच आपल्या मनांतून पार पुसली गेली होती, असें त्यांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरतांच मात्र ती पुन्हां जागी झाली, कारण आतां राहावयाचें कोठें? हिंदूंच्या खानावळींत प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी उतारशाळेंत पारशी नांव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला, व त्यांस बाहेर पडणें भाग झालें.

त्या वेळीं बडोद्यांत त्यांच्या ओळखीचे दोन गृहस्थ होते. एक हिंदु व दुसरा ख्रिस्ती. हिंदु मित्र म्हणाला कीं, तुम्ही आलांत तर माझे नोकर निघून जातील. मग आंबेडकर ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला कीं, माझी पत्नी उद्यां येत आहे, तिला विचारलें पाहिजे. आंबेडकर समजले. हें कुटुंब मूळचें ब्राह्मण होतें. धर्म बदलला, परंतु घरांतील जुना आचार तसाच राहिला होता. तो विद्वान पुरुष सार्वजनिक बागेंत बसून राहिला, व रात्रींच्या गाडीनें मुंबईस परत गेला.

वाचकहो, ही गोष्ट आपण हिंदूंचे किंवा पारशांचे दोष काढण्यासाठीं वाचूं नये. त्या दिवशीं ज्या दारांवर खऱ्या ख्रिस्ती शिकवणीची परीक्षा झाली, त्यांतील एक दार आपलें होतें, आणि तें उघडलें नाहीं. नकारही कठोर शब्दांनीं दिला गेला नाहीं. केवळ सबब सांगितली गेली. आपणही पुष्कळदां असेंच करितों. घरांत जागा कमी आहे, उद्यां पाहुणे यावयाचे आहेत, मंडळींतील लोक काय म्हणतील, अशा सौम्य शब्दांनीं आपण दार लावतों. आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत कित्येक कुटुंबें अशीं आहेत कीं, ज्यांच्या आजापणज्यांस धर्मशाळेच्या पायरीवर बसूं देत नसत व ज्यांस ओंजळींत वरून पाणी ओतीत. ज्यांस दार बंद होतें, त्यांच्याच नातवंडांनीं दुसऱ्यास दार बंद करावें, ह्याहून मोठी विपरीत गोष्ट कोणती?

आतां कोणी म्हणेल, “जागा द्यावी हें कबूल, पण त्याच्या आत्म्याची काळजी वाहूं नये काय? जो आपल्या घरीं उतरला, त्यानें निदान आपली प्रार्थना तरी ऐकावी.” ह्या बोलण्यांत प्रेम आहे, म्हणून त्याचा विचार आदरानें केला पाहिजे. त्यासाठीं आपल्या महाराष्ट्रांतील दोन स्त्रियांचीं उदाहरणें घेऊं. दोघींसही १८८३ साली परदेशीं आश्रय मिळाला, आणि दोघींसही तो ख्रिस्ती हातांनीं मिळाला.

पहिल्या आनंदीबाई जोशी. त्यांच्या पतीनें, गोपाळरावांनीं, पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेंतील एका मिशनरी गृहस्थांस पत्र लिहून साहाय्य मागितलें. उत्तरांत धर्मांतराची गोष्ट पुढें आली, व तो मार्ग तेथेंच खुंटला. परंतु तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकांत छापला गेला, आणि न्यू जर्सीमधील रोझेल गांवच्या थिओडिसिया कार्पेंटर ह्या बाईंच्या वाचनांत आला. त्यांनीं आपण होऊन पत्र लिहिलें, व माझें घर तुमचेंच समजा असें कळविलें. आनंदीबाईंनीं निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील जाहीर सभेंत सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन. हें ठाऊक असूनही कार्पेंटर बाईंनीं त्यांस घरीं ठेविलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्या इंग्लंडांत वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठांत उतरल्या, आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाईंस डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हां रमाबाई इंग्लंडाहून समुद्र ओलांडून त्या समारंभास गेल्या. एकाच सभागृहांत एक हिंदु राहिलेली व एक ख्रिस्ती झालेली, अशा दोघी मराठी स्त्रिया होत्या. आतां सांगा, वाँटेजच्या भगिनींचें आतिथ्य सफळ झालें व कार्पेंटर बाईंचें निष्फळ गेलें, असें म्हणण्यास कोणाची जीभ वळेल? २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाला, तेव्हां त्यांच्या अस्थि कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यांत आल्या, व बाईंनीं त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविल्या. अन्य धर्माच्या परक्या मुलीस आपल्या मृतांच्या शेजारीं जागा देणें, हें प्रीतीवांचून होत नाहीं. आणि जी रमाबाई स्वतः परक्या घरीं आश्रयास राहिली, तिनेंच पुढें आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यांत केडगांव येथें मुक्ति सदन स्थापून दुष्काळांतील शेंकडों अनाथ मुलींस छप्पर दिलें. परक्याच्या छपराचें मोल तिला अनुभवानें ठाऊक होतें.

ह्यावरून माझ्या मतें एक गोष्ट उघड होते. हृदय पालटणें हें पवित्र आत्म्याचें काम आहे. दार उघडणें हें आपलें काम आहे. ह्या दोहोंची अदलाबदल करूं नये. जो भिजलेला व भुकेला आहे, त्याच्यापुढें भाकरीबरोबर उपदेश ठेविला, तर तो उपदेश भाकरीची किंमत होतो. तो ऐकेल, परंतु देणें फेडावें तसा ऐकेल. सुवार्ता फुकट मिळालेली आहे, ती अशा रीतीनें विकणें हा तिचा अपमान आहे. मात्र पाहुण्यानें आपण होऊन विचारलें कीं, बाबा, तुम्ही ओळखदेख नसतां आम्हांस कां घेतलें, तर गप्प बसणेंही योग्य नव्हे. तेव्हां नम्रपणें प्रभूचें नांव सांगावें. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मनांत शिरतें.

मूर्तिपूजेस मदत होते ह्या शंकेचें उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत आहे. तारूं फुटून पौल मलिता बेटावर लागला, तेव्हां तेथील मूर्तिपूजक लोकांनींच शेकोटी पेटवून सर्वांस जवळ घेतलें, व पुब्ल्य नामक प्रमुखानें तीन दिवस पाहुणचार केला. त्यांचें आतिथ्य पौलानें नाकारलें नाहीं. त्यांनीं अग्नि दिला म्हणून ते पौलाच्या मताचे झाले नाहींत. तसें आपण घोंगडी दिली म्हणून आपण पालखीचे होत नाहीं. थंडीनें कुडकुडणाऱ्या देहास ऊब देणें म्हणजे देवाच्या निर्मितीचा मान राखणें होय. रोमी बादशहा जुलियन हा ख्रिस्ती धर्माचा वैरी. तरी ३६२ साली आपल्या पुजाऱ्यास लिहितांना त्यानें कबूल केलें कीं, हे गालीली लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांस पोसतात, व म्हणून प्रत्येक शहरांत परक्यांसाठीं धर्मशाळा बांधाव्या. शत्रूच्या तोंडची ही साक्ष आपल्या पूर्वजांनीं अटी घालून मिळविली नव्हती.

तथापि विवेक सोडावा असें माझें म्हणणें नाहीं. आपल्याकडे म्हण आहेच कीं, पहिल्या दिवशीं पाहुणा, दुसऱ्या दिवशीं पई, तिसऱ्या दिवशीं राही त्याची अक्कल जाई. आद्य मंडळीच्या ‘दिदाखे’ नामक ग्रंथांतही वाटसरूनें दोनतीन दिवसांहून अधिक राहूं नये, व राहणें असल्यास काम करून खावें, असा नियम आहे. घरांत लेकीसुना असतां अनोळखी मनुष्यास ओसरीवर किंवा मंडळीच्या शाळेच्या पडवींत जागा द्यावी. आंतल्या खोलींत दिलीच पाहिजे असें नाहीं. परंतु सावधगिरी ही अंथरूण कोठें घालावें हें ठरविण्यासाठीं आहे. अंथरूण घालूंच नये हें ठरविण्यासाठीं नाहीं.

उपदेशक बंधूंस माझी एवढीच विनंती आहे. पुढील पालखीच्या आधीं आपल्या मंडळींत हा विषय काढा. शाळेची पडवी झाडून ठेवा. दोन रांजण पाणी, एक दिवा व चार चटया एवढ्यानें आरंभ होईल. पालखीच्या दिवसांतच नव्हे, तर ऊसतोडीस आलेलीं बिऱ्हाडें व नोकरीस आलेला परप्रांतीय तरुण ह्यांसही ती पडवी ठाऊक असूं द्या. मग आपलीं मुलें परदेशीं जातील, तेव्हां त्यांच्यासाठीं आपण निःशंक मनानें प्रार्थना करूं शकूं. जें दार आपण दुसऱ्याच्या मुलास उघडलें नाहीं, तें आपल्या मुलास कोणी उघडावें अशी मागणी देवाजवळ कोणत्या तोंडानें करावी?

बेथलेहेमांत ज्याच्या मातेस उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, तो प्रभु आजही परक्याच्या वेषानें वाटेवर आहे. मत्तय पंचवीस ह्या अध्यायांत त्यानें न्यायाच्या दिवशीं काय विचारलें जाईल हें आधींच सांगून ठेविलें आहे. परक्यास तुम्ही काय शिकविलें, हा तो प्रश्न नव्हे. तुम्ही त्यास आंत घेतलें कीं नाहीं, हा तो प्रश्न आहे. त्या दिवशीं आपणांपाशीं सबब नसावी, उत्तर असावें, अशी कृपा प्रभु आपणां सर्वांवर करो.