कर्त्याची रिकामी चौकट

संदर्भसूची बनवणारी बहुतेक सॉफ्टवेअर एक गोष्ट गृहीत धरून चालतात: ग्रंथ म्हटला की त्याला कर्ता असतो. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीबरोबर वापरले जाणारे बिबटेक १९८५ मध्ये आले. त्यात लेखकाची चौकट रिकामी राहिली की इशारा उमटतो: क्रम लावायचा तर लेखक द्या, नाहीतर एखादी खूण द्या. रसायनशास्त्राच्या शोधनिबंधाला ही अट जाचत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्रबंध लिहिणाऱ्याने ऋग्वेदाची नोंद केली, की मात्र हा तांत्रिक इशारा दर्शनशास्त्रातला जुना वाद होऊन बसतो.

पूर्वमीमांसेच्या मते वेद अपौरुषेय आहेत. वक्ताच नाही, म्हणून वक्त्याचे अज्ञान किंवा कपट त्यात शिरू शकत नाही. वेदाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध आहे. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, हे मानत नाहीत. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे यथार्थ जाणणाऱ्याचा आणि तसेच सांगणाऱ्याचा असतो म्हणून, आणि वेदांचा आप्त ईश्वर. नैयायिकाला रिकामी चौकट उणीव वाटेल. मीमांसकाचा तर सिद्धान्तच त्या रिकामेपणात आहे.

म्हणून इशारा घालवण्यासाठी तिथे ‘अज्ञात’ लिहिणे ही साधी सोय नव्हे. कर्ता होता, पण त्याचे नाव हरवले, असे ते तिसरेच विधान आहे, आणि दोन्ही दर्शनांना ते अमान्य आहे. ‘व्यास’ लिहिणेही बरोबर नाही, कारण परंपरेत व्यास वेदांचे विभाजन करणारे आहेत, कर्ते नाहीत. प्रामाणिक मार्ग असा की लेखकाची जागा रिकामीच ठेवावी, क्रमासाठी ग्रंथनामाची खूण द्यावी आणि छापील आवृत्तीच्या संपादकाला संपादकाच्याच जागी बसवावे. बिबटेकच्या जागी वापरल्या जाणाऱ्या बिबलाटेकमध्ये लेखक नसला की संपादक पुढे येऊन नोंद त्याच्या नावाखाली लागते. तो पर्याय त्या नोंदीपुरता बंद करावा लागतो.

कर्ता ठाऊक असला तरी प्रश्न मिटतो असे नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्याच पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरे जमली होती, ती त्यांनी निवडली, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२ हा काळ आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव येते. कर्ता, लेखनिक आणि संशोधक या तिघांचे काम वेगळे आहे, हे या परंपरेला छापखान्याच्या कितीतरी आधीपासून कळत होते. सूचीत एकनाथांची जागा संपादकाची, आणि ती त्यांना मिळालीच पाहिजे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा मात्र कोणत्याच चौकटीत मावत नाही. एकनाथांच्या मुद्रेत त्यांच्या नावाला जोडून गुरू जनार्दनस्वामींचे नाव येते. कर्तृत्व एकट्याचे नाही, हे तिथे ओळीतच सांगितलेले असते. दोन सहलेखक म्हणून ती नोंदवणे चूक ठरेल.

प्रत्यक्ष अडचणी बहुधा नावातून आणि काळातून येतात. स्वल्पविराम नसेल तर सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजते, त्यामुळे ज्ञानेश्वर महाराज आणि एकनाथ महाराज दोघेही ‘म’खाली जाऊन बसतात. संपूर्ण नावाला महिरपी कंसांची दुसरी जोडी घातली की ते अखंड राहते. दोन संपादकांमध्ये ‘आणि’ लिहिले तर दोघांचा मिळून एक माणूस होतो. तिथे इंग्रजीतला ‘अँड’च रोमन लिपीत लागतो. शकाचा आकडा तारखेच्या चौकटीत गेला तर बिबलाटेकबरोबर चालणारे बायबर तो सन समजते. आधी ‘शके’ हा शब्द असला तर सगळी तारीखच टाकून देते. म्हणून तिथे इसवी सन इंग्रजी अंकांत द्यावा आणि शक टिपेच्या चौकटीत जपावा. प्रकाशनस्थळाला नियम एकच: मुखपृष्ठामागच्या पानावर ‘औरंगाबाद’ छापले असेल तर शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले तरी नोंदीत ‘औरंगाबाद’च राहते.

सर्वांत जास्त घोटाळा क्रमांकांचा. गीतेच्या श्लोकाला अध्याय आणि श्लोक एवढे सांगितले की पुरते. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचे क्रमांक मात्र प्रतीगणिक सरकतात. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि वारकऱ्यांच्या नित्यपाठातली प्रत यांत ओव्यांची संख्याच सारखी नाही. तुकारामांच्या गाथ्यांतही अभंगांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा अवतरणापुढे नुसता ओवीक्रमांक देऊन भागत नाही. कोणती प्रत ते त्याच कंसात यावे लागते, आणि ओवीच्या आकड्याआधी ‘पृ.’ लागू नये म्हणून त्या नोंदीत पृष्ठाऐवजी पद्य हा प्रकार निवडावा लागतो.