सनद, शुल्क आणि तारीख

वैद्यकाची सनद देणारी परीक्षा कठोर असावी, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. ज्याच्या हाती परक्याची नाडी द्यावयाची, त्याच्या ज्ञानाची झडती समाजाने वेळीच घेतली नाही, तर ती पुढे रोग्याच्या देहावर घेतली जाते. परंतु प्रश्नपत्रिकेची कठोरता ही एक गोष्ट, आणि शुल्क, तारीख व फेरपरीक्षा यांच्या नियमांची कठोरता ही सर्वस्वी निराळी. पहिलीच्या पुण्याईवर दुसरी बिनतक्रार खपवून घेतली जाते, हा मला उघड अन्याय वाटतो.

पुण्यातून रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान येथे जाऊन वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या मुलामुलींचेच पाहा. ज्यांनी 1887 साली पुण्यातच देह ठेवला, त्या डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून परतल्या तेव्हा मुंबई इलाख्यात डॉक्टरांची कायदेशीर नोंदवहीच नव्हती. ती 1912 च्या कायद्याने आली. आजच्या परदेशी पदवीधराला मात्र 2002 पासून चालत आलेली चाळणी परीक्षा ओलांडल्यावाचून महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या दप्तरी कायमची नोंद होत नाही. दीडशे प्रश्न सकाळी, दीडशे दुपारी, आणि तीनशेंपैकी दीडशे गुण मिळाले तर उत्तीर्ण. ज्याला 149 मिळाले, त्याने पुढच्या सत्रात पुन्हा सगळे भरावयाचे: 2024 च्या कपातीनंतर 6,195 रुपये, ज्यांपैकी 945 रुपये निव्वळ कर. अलीकडच्या कित्येक सत्रांत पाचांपैकी सुमारे एकच उमेदवार पार पडला असल्यामुळे हा भरणा पुनःपुन्हा होतो, आणि तो बहुधा आधीच कर्जात बुडालेल्या घरातून होतो. परीक्षेच्या दिवशी उमेदवार तापाने फणफणला, किंवा घरात कोणी दगावले, तरी भरलेले शुल्क परत मिळत नाही आणि पुढील सत्रासाठीही धरले जात नाही.

ही निष्ठुरता उभयपक्षी असती, तर मी तिला शिस्त म्हटले असते. ही चाळणी परीक्षा घेणारे मंडळच वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशाचीही परीक्षा घेते. 2024 सालच्या 22 जून रोजी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री दहाच्या सुमारास, ती परीक्षा तहकूब झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. दूरचे केंद्र मिळालेले उमेदवार तोवर परगावी पोहोचले होते. कोणी रुग्णालयातील पाळ्या बदलून घेतल्या होत्या, कोणी लॉजच्या खोलीत छायाचित्र चिकटवलेले प्रवेशपत्र आणि ओळखपत्र उशाशी ठेवून पहाटेचा गजर लावला होता. परीक्षा अखेर 11 ऑगस्टला झाली. उमेदवार एक मिनिट उशिरा आला तर फाटक बंद होते. मंडळाची तारीख सात आठवडे पुढे गेली, तरी प्रवासखर्चाच्या भरपाईची तरतूद नियमांत कोठेही नाही, कारण तारीख बदलण्याचा हक्क मंडळाने स्वतःपुरता राखून ठेवलेला आहे.

अमेरिकेच्या परवाना परीक्षेला बसणारे आपले विद्यार्थी डॉलरांत भरमसाट शुल्क मोजतात, आणि तेथे एका टप्प्याला चारांहून अधिक प्रयत्नही करता येत नाहीत. तथापि मिळालेल्या मुदतीच्या आत उमेदवार आपली तारीख आपण बदलू शकतो. पुरेसे दिवस आधी कळवले तर विनामूल्य, आणि जितका विलंब तितका आकार अधिक. आपल्याकडे हजारो जण एकाच दिवशी बसत असल्याने ही सोय जशीच्या तशी आणता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु वैद्यकीय दाखला सादर करणाऱ्याचे शुल्क एकदा पुढच्या सत्रासाठी धरणे, फेरपरीक्षेचा आकार प्रत्यक्ष खर्चापुरताच ठेवणे, आणि प्रवेशपत्रे दिल्यानंतर मंडळानेच परीक्षा तहकूब केली तर प्रवासखर्च मंडळाने सोसणे, यांपैकी कशानेही एक अपात्र मनुष्य डॉक्टर होणार नाही.

हा प्रश्न परदेशी पदवीधरांपुरता राहणारही नाही. 2019 च्या कायद्याने जी एकच राष्ट्रीय निर्गमन परीक्षा योजली आणि जी जुलै 2023 मध्ये लांबणीवर पडली, ती अमलात येईल तेव्हा ससूनच्या आवारातील बी. जे. मेडिकलचा विद्यार्थीही सनदेसाठी याच रांगेत उभा राहील. तिच्या शुल्काची आणि तारखांची कलमे त्यापूर्वी बदलून घेण्यास अद्याप अवसर आहे. वैद्यक परिषदेने आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी तो आताच साधावा.